काचेची नळी

साप चावलेल्या माणसाच्या रक्तात विष भिनले आहे का, हे पाहायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. काचेची एक कोरी, स्वच्छ, कोरडी नळी पुरते. शिरेतून काढलेले दोन मिलिलिटर ताजे रक्त तिच्यात घालायचे, नळी वीस मिनिटे अजिबात हलवायची नाही आणि मग हळूच कलती करून पाहायची. रक्त गोठलेले असेल तर रुग्णावर लक्ष ठेवून चाचणी पुन्हा पुन्हा करत राहायचे. ते पाण्यासारखे वाहिले तर घोणस किंवा फुरसे यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्तीच संपवली आहे असे समजून प्रतिविष ताबडतोब सुरू करायचे. नाग आणि मण्यार यांच्या बाबतीत ही नळी काही सांगत नाही. तिथे पापण्या जड होतात का, गिळता येते का, श्वास उथळ होतो आहे का, हे पाहावे लागते. केंद्र सरकारच्या सर्पदंश-उपचारांच्या मार्गदर्शिकेत हे सगळे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि ते तालुक्याच्याही खालच्या पातळीवरच्या दवाखान्याला जमावे अशा बेताने लिहिलेले आहे. अडचण एकच. नळी काचेचीच हवी. रक्त गोठण्याची क्रिया काचेच्या स्पर्शाने सुरू होते. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणाच्या पाण्याने धुतलेल्या काचेत निरोगी माणसाचे रक्तही गोठायचे राहू शकते आणि चाचणी खोटे बोलते. आज रक्ततपासणीसाठी बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्याच नळ्या येतात. म्हणजे देशभरच्या तज्ज्ञांनी पुरावे तपासून सिद्ध केलेले एक कलम साध्या काचेच्या नळीच्या पुरवठ्यावर अडू शकते. आरोग्यसेवेत पुराव्यावर आधारलेले मार्गदर्शन म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला या नळीपासून सुरू करावासा वाटतो, कारण विद्वत्ता आणि व्यवहार यांची गाठ इथे पडते किंवा इथेच सुटते.

आणि तो कामणमध्ये उभे राहून विचारावासा वाटतो. वसईच्या पूर्वेला तुंगारेश्वरच्या डोंगरांना टेकलेले हे गाव. वर कामणदुर्ग, खाली खाडी, मध्ये भाताची खाचरे आणि आदिवासी पाडे; वसई–दिवा मार्गावरचे कामण रोड स्टेशन, जिथे प्रवासी गाड्या मोजक्याच थांबतात; आणि चिंचोटीहून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत गाळे, गोदामे आणि तिथे पोटासाठी आलेले परप्रांतातले कामगार. जंगल, शेती आणि कारखाना इतक्या जवळ जिथे नांदतात तिथे उंदीर असतो, आणि उंदीर असतो तिथे साप येतो. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते तेव्हा तर तो घरातच येतो. जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्याला मण्यार रात्री चावते. दंश दुखत नाही, खूणही धड दिसत नाही, आणि पहाटे पोटात कळ येऊन घसा दाटला की घरचे अपचनाचे औषध शोधतात. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज ‘मिलियन डेथ स्टडी’ या घरोघर जाऊन मृत्यूंची कारणे विचारणाऱ्या अभ्यासातून निघाला. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले आणि बहुतेक खेड्यात, घरीच झालेले. घरी झालेला मृत्यू दवाखान्याच्या नोंदवहीत येत नाही. जे नोंदवहीत येत नाही त्याची धोरणाला जाग येत नाही, आणि म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत पक्की जागा द्यायला २०१७ साल उजाडले.

माझे म्हणणे असे आहे की आरोग्यसेवेला पुरावा दोनदा लागतो. उपाय गुणकारी आहे हे दाखवायला एकदा, आणि तो उपाय ज्या रूपात सिद्ध झाला त्याच रूपात शेवटच्या दारापर्यंत पोहोचतो आहे हे दाखवायला दुसऱ्यांदा. पहिला पुरावा विद्वानांचा असतो. तो नियतकालिकांत छापून येतो, त्याला सन्मान मिळतात. दुसरा पुरावा नोंदवहीचा असतो. तो कंटाळवाणा, रोजचा, आणि पुष्कळदा गैरसोयीचा. आपण मार्गदर्शिका लिहिताना पहिल्यावर थांबतो. ‘द्यावे’, ‘करावे’, ‘पाठवावे’ अशी क्रियापदे कागदावर उतरली की काम झाले असे मानतो. पण जो ‘द्यावे’ लिहितो त्याने देण्याचे साधन पुरवले पाहिजे आणि खरोखर दिले गेले का हे मोजलेही पाहिजे. तोवर त्या कागदाला पुराव्यावर आधारलेला म्हणणे अर्धसत्य आहे.

पहिल्या प्रकारचा पुरावा मोठ्या शहरातच तयार होतो, ही समजूत आधी बाजूला ठेवू. कोकणातच तिचे खंडन झालेले आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरायला सुरुवात केली ती १९८०च्या दशकात. तोवर विंचूदंशाने गंभीर झालेल्या रुग्णांत दर शंभरातले तीस-चाळीस दगावत. ते प्रमाण पुढे शेकड्याला एकाच्या आसपास आले. एवढ्यावर समाधान मानता आले असते. पण विंचवाच्या विषावर प्रतिविष उपलब्ध झाल्यावर त्यांनी प्रश्न विचारला की आपल्या औषधाला त्याची जोड दिली तर रुग्ण आणखी लवकर बरा होईल का. ७० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी झाली. दोन्ही औषधे मिळालेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसते प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. हा अभ्यास २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. ज्या औषधाने आपले नाव झाले ते एकटे पुरेसे नाही हे सिद्ध करणारा प्रयोग स्वतःच करायला जी वृत्ती लागते, तिलाच मी पुराव्याची निष्ठा म्हणेन. वैद्यकातला अनुभव मोलाचा खरा, पण अनुभवाला स्वतःची चूक दिसत नाही. बरा झालेला रुग्ण आभार मानायला परत येतो, दगावलेला येत नाही, आणि तुलनेला दुसरा गट नसेल तर जो मुळात बरा होणारच होता त्याचेही श्रेय औषधाला मिळते. भगताच्या मंत्रावरचा विश्वास याच गणितावर उभा असतो. बिनविषारी सापच संख्येने अधिक, विषारी सापही कधी कोरडा चावा घेतो, आणि वाचलेला प्रत्येक जण मंत्राचा साक्षीदार होतो. तुलनेशिवाय औषध देणारा डॉक्टर याच सापळ्यात सापडलेला असतो, एवढेच की त्याच्या हातात सुई असते.

दुसऱ्या पुराव्याचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते ते गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत बसवली आणि ४७ गावांशी तिची तुलना केली. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. बाळाचे वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, श्वास गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि जंतुदोष असेल तर तोंडाने औषध व जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, हे सगळे त्या शिकल्या. १९९३ ते १९९५ या काळात तिथे दर हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत. १९९७-९८ पर्यंत हा आकडा साडेपंचवीसवर आला. तुलनेच्या गावांत तो साठीच्या आसपासच राहिला. डिसेंबर १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. आजारी नवजात बाळाला रुग्णालयाशिवाय गत्यंतर नाही, हे तोवरचे तज्ज्ञमत होते. रुग्णालय जिथे नाही तिथल्या आईला ते मत काही देत नव्हते. प्रश्न गावाच्या बाजूने विचारला गेला म्हणून उत्तर वेगळे आले.

पुढे काय झाले ते अधिक बारकाईने पाहावे. २०११ साली केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बालकाची काळजी हा कार्यक्रम देशभर गावोगावच्या आशा सेविकांच्या हाती दिला. रुग्णालयात प्रसूती झाली तर सहा भेटी, घरी झाली तर सात, आणि सगळ्या भेटी पुऱ्या झाल्यावर अडीचशे रुपये. गडचिरोलीच्या एका कोपऱ्यातला प्रयोग राष्ट्राची पद्धत व्हावा ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण प्रयोगात जे होते त्यातले काही वाटेत गळाले. आरोग्यदूत इंजेक्शन देत होती, आशा देत नाही. प्रयोगात देखरेख करणारी व्यक्ती पंधरवड्यातून एकदा गावात येऊन प्रत्यक्ष काम पाहत होती. कार्यक्रम देशभर पसरला तसे देखरेखीचे मुख्य साधन अर्ज झाला. आरोग्यदूताला एकच काम नीट करायचे होते. आशेच्या झोळीत लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग, सर्वेक्षणे, कार्डे आणि मोबाइलवरच्या नोंदी असे सगळेच येऊन पडले. इंजेक्शन वगळण्याला कारणे असतील, आणि ती वादाची आहेत. पण वगळल्यानंतर ‘हा कार्यक्रम लॅन्सेटमध्ये सिद्ध झाला आहे’ असे म्हणण्याचा हक्क आपोआप शिल्लक राहत नाही. सिद्ध झाला तो मूळ उपाय. हा त्याचा धाकटा भाऊ आहे, आणि त्याची परीक्षा वेगळी घ्यावी लागेल. औषधाची मात्रा निम्मी करून गुण पूर्ण येईल असे कोणी डॉक्टर म्हणत नाही. सेवेची मात्रा निम्मी करताना मात्र आपण तसे सहज धरून चालतो.

मात्रा किती निर्णायक असते याचा याहून चांगला दाखला महाराष्ट्रातच आहे, आणि तो स्त्रियांच्या जिवाशी निगडित आहे. उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. चार गट होते: एचपीव्ही विषाणूची चाचणी, पेशींची चाचणी, अ‍ॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि नेहमीचीच सेवा मिळणारा गट. तपासणी एकदाच झाली आणि आठ वर्षे पाठपुरावा. २००९ साली निष्कर्ष आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४ मृत्यू, तुलनेच्या गटात ६४. डोळ्यांनी पाहणीच्या गटात मात्र मृत्यूंमध्ये ठामपणे सांगावा असा फरक दिसला नाही. दुसरीकडे मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांत हीच डोळ्यांनी पाहणी आरोग्यसेविकांकडून करवली, पण एकदा नव्हे तर दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत. आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दोन अभ्यासांत ठिकाण, सेविका, देखरेख असे इतरही फरक होते, हे कबूल. तरी फेऱ्यांचा फरक डोळ्याआड करता येत नाही. आणि २०१६च्या केंद्रीय मार्गदर्शिकेत ही पाहणी ३० ते ६५ वयोगटात पाच वर्षांतून एकदा करावी असे आहे. प्रत्यक्षात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयाच्या जेमतेम दोन टक्के स्त्रियांची अशी तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेली आढळली. पाच वर्षांनी एकदा की दोन वर्षांनी, हा वाद घालायला आधी पहिली फेरी व्हावी लागते.

या अभ्यासांवर एक गंभीर नैतिक आक्षेप घेतला गेला आहे. कर्करोग पकडता येतो हे माहीत असताना हजारो गरीब स्त्रियांना तुलनेच्या गटात ठेवून तपासणीविना का राहू दिले? मला हा आक्षेप बिनतोड वाटत नाही, पण तो झटकून टाकण्यासारखाही नाही. त्या काळी ‘नेहमीची सेवा’ म्हणजे तपासणी नाहीच, हे वास्तव संशोधकांनी निर्माण केलेले नव्हते, हे एक उत्तर. पण ते पुरत नाही. ज्यांच्या देहांवरून पुरावा निघाला त्यांच्यापर्यंत त्या पुराव्याचे फळ पोहोचवण्याची जबाबदारी पुराव्याबरोबरच जन्माला येते. उस्मानाबादच्या अभ्यासाने एचपीव्ही चाचणीची ताकद जगाला दाखवली. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही तीच चाचणी पहिल्या पसंतीची ठरवली. आणि त्याच मराठवाड्यातल्या, किंवा कामणमधल्या, पस्तीस वर्षांच्या बाईला ती सरकारी दवाखान्यात सहज मिळेल अशी स्थिती अजून आलेली नाही. पुराव्याचा हिशेब इथे उधारीवर पडून आहे, आणि ती उधारी संशोधकांची नाही, शासनाची आहे.

आता नेहमीच्या आक्षेपांकडे वळतो. पहिला डॉक्टरांचा: मार्गदर्शिका म्हणजे पाककृती, आणि रुग्ण म्हणजे काही भाजी नव्हे. यात तथ्य आहे. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार आणि दारिद्र्य एकाच माणसात असताना कुठलाही तक्ता अपुरा पडतो. पण सर्पदंशासारख्या प्रसंगी रात्री दोन वाजता, आयुष्यात दुसऱ्यांदाच अशी केस पाहणाऱ्या तरुण डॉक्टरला स्वातंत्र्य नको असते, आधार हवा असतो. प्रतिविषाने अंगावर चकंदळे उठली, श्वास लागला, रक्तदाब घसरला तर आपल्यावर येईल, या धास्तीने तो रुग्णाला पुढे पाठवतो, आणि रुग्ण वाटेत जातो. अ‍ॅड्रिनॅलिन भरून हाताशी ठेवा, आधी चाचणीची मात्रा देत बसू नका, सुरुवातीला आठ ते दहा कुप्या द्या, असे स्पष्ट सांगणारे पान त्याला हात आखडण्यापासून वाचवते. अपवाद करण्याची मुभा असावी, मात्र का केला हे दोन ओळींत लिहून ठेवावे. त्या दोन ओळी उद्याच्या सुधारित मार्गदर्शिकेचा कच्चा माल आहेत.

दुसरा आक्षेप कार्यकर्त्यांचा, आणि तो मला अधिक जवळचा वाटतो. कामणच्या पाड्याला रस्ता द्या, पाणी द्या, पलंग आणि मच्छरदाणी द्या. अभ्यास आणि निर्देशांक हे पोट भरलेल्यांचे चोचले. पण नीट पाहिले तर पुरावा या मागणीच्या विरोधात नाही, तिच्याच बाजूने साक्ष देतो. जमिनीवर न झोपणे आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हे मण्यारच्या दंशावरचे उपाय आहेत. ते वैद्यकीय मार्गदर्शनातच बसतात, आणि त्यांचा खर्च आरोग्य खात्याने मागितला तर त्याला कारण दाखवता येते. पुरावा हे गरिबाच्या हातचे हत्यार होऊ शकते. ‘कोवळी पानगळ’ या २००१च्या अहवालाने ते करून दाखवले. महाराष्ट्रातल्या स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन गावोगावचे बालमृत्यू स्वतः मोजले आणि सरकारी नोंदीत त्यातले बरेचसे मृत्यू येतच नाहीत हे समोर ठेवले. भूक आणि न्यूमोनिया यांना त्यामुळे विधिमंडळात जागा मिळाली. नुसता आक्रोश चार दिवस ऐकला जातो. मोजलेला आक्रोश खोडून काढावा लागतो, आणि तो खोडता येत नसेल तर मान्य करावा लागतो.

तिसरा आक्षेप असा की दुसरीकडचा पुरावा इथे लागू पडेलच कशावरून? याचे उत्तर पालघर जिल्ह्यातच आहे. डहाणू तालुक्यात आयसीएमआरच्या परळमधल्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने सर्पदंशावर काम केले. डॉक्टरांना मार्गदर्शिकेचे प्रशिक्षण, आशांना आणि लोकांना माहिती, आणि महत्त्वाचे म्हणजे भगतांशीही संवाद. २०१४मध्ये सुरुवातीला दवाखान्यात आलेल्या रुग्णांतले ४.४ टक्के दगावत होते, ते प्रमाण पुढे ०.४ टक्क्यांवर आले. हा आकडा वाचताना सावध राहिले पाहिजे. जागृती वाढली की किरकोळ दंशाचे रुग्णही दवाखान्यात येऊ लागतात, आणि शेकडा मृत्यूंचे प्रमाण त्यामुळेही उतरते. पण या सुधारणेचा काही भाग जरी खरा असेल, आणि तो खरा मानायला पुष्कळ जागा आहे, तरी आदिवासी भागात मार्गदर्शिका चालत नाही हे म्हणणे तिथे संपते. मंत्र म्हणायचा तर गाडीत बसून म्हणा, पण आवळून बांधू नका, जखम कापू नका, वेळ घालवू नका, एवढे भगताने ऐकले तरी त्याचा पाड्यातला मान राहतो आणि रुग्णाचा जीवही. मूळ उपायातला गाभा कोणता आणि बदलता येईल असा भाग कोणता, हे ओळखणे म्हणजेच पुरावा आपल्या मातीत लावणे. काचेची नळी, वीस मिनिटे आणि प्रतिविष हा गाभा. निरोप कोणाच्या तोंडून जावा, कोणत्या बोलीत जावा, हा स्थानिक भाग. साप चावला तर ‘पान लागलं’ असे म्हणणाऱ्या घरात ‘सर्पदंश व्यवस्थापन’ हा शब्द दारातच अडतो.

डहाणूला जे जमले ते कामणला आपोआप लागू होईल असे मात्र नाही. डहाणूच्या पाड्यांत माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, आशा त्यांना नावाने ओळखते. कामणच्या गाळ्यात सहा महिन्यांपूर्वी आलेल्या कामगाराला इथली आशा कोण, हे ठाऊक नसते आणि आशेच्या यादीत तो नसतो. मराठी पत्रक त्याला वाचता येत नाही. त्यात या पट्ट्याच्या कारभाराचे दुभंगलेपण. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, तिच्यातून २९ गावे वगळावीत म्हणून आंदोलने आणि न्यायालयीन लढाई वर्षानुवर्षे चालली. २०१४मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. महापालिकेची आरोग्ययंत्रणा आणि जिल्हा परिषदेची आरोग्ययंत्रणा यांच्या सीमेवर राहणाऱ्या माणसासाठी नेमके कोण बांधील, हा प्रश्न प्रतिविषाच्या साठ्याइतकाच जीवघेणा ठरू शकतो. रुग्णाला श्वासोच्छ्वासाचे यंत्र लागले तर वसईला न्यायचे, भिवंडीला की ठाण्याला, कंटेनरच्या रांगेतून किती वेळात, आणि वाटेत फुगा दाबून श्वास देत राहणारे माणूस गाडीत असेल का? या प्रश्नांची उत्तरे कुठल्याही राष्ट्रीय कागदात मिळणार नाहीत. ती इथेच, पावसाळ्याआधी, दोन्ही यंत्रणांनी एका टेबलाशी बसून लिहायची आहेत. राष्ट्रीय मार्गदर्शिकेला जोडायचे ते पान हेच, आणि हे पान नसेल तर वरचा सगळा ग्रंथ कामणपुरता अपुरा आहे.

जीव वाचल्यानंतरचे पान तर बहुतेक ठिकाणी कोरेच असते. घोणसच्या दंशाने मूत्रपिंड बिघडते, नागाच्या दंशाने मांस सडते, कधी बोट किंवा पाय काढावा लागतो. डिस्चार्ज कार्ड हातात पडले की वैद्यकाचे काम संपते आणि घराची परवड सुरू होते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात, पण त्यासाठी घरात सातबारा असावा लागतो. दुसऱ्याच्या खाचरात लावणी करणारी आदिवासी बाई आणि गाळ्यात झोपणारा कामगार यांच्याकडे सातबारा नसतो. साप मात्र खातेदार पाहून चावत नाही. उपचाराच्या परिणामकारकतेचे पुरावे आपण गोळा करतो तसे या मदतीचेही करायला हवेत. किती जणांनी अर्ज केले, किती जणांना मिळाले, किती महिन्यांनी, आणि न मिळालेल्यांत भूमिहीन किती. सामाजिक काळजीच्या क्षेत्रात हेतू चांगला असणे हाच पुरावा समजला जातो, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे.

मोजण्याला विरोध होतो त्याचे खरे कारण आळस नव्हे, भीती आहे. मृत्यू नोंदवला की नोटीस येते, स्पष्टीकरण मागितले जाते, वर्तमानपत्रात नाव येते. न नोंदवल्याबद्दल कोणी काही विचारत नाही. अशा व्यवस्थेत प्रामाणिक नोंद हा खालच्या कर्मचाऱ्याने एकट्याने दाखवायचा पराक्रम होऊन बसतो. केंद्राने २०२४मध्ये सर्पदंशावरचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०३०पर्यंत मृत्यू आणि अपंगत्व निम्म्यावर आणायचे उद्दिष्ट ठेवले आणि राज्यांना सर्पदंश नोंदणीयोग्य आजार ठरवण्यास सांगितले. पाऊल योग्यच आहे. पण निम्मे करायचे तर कशाच्या निम्मे हे आधी कळले पाहिजे, आणि पहिली दोन वर्षे आकडे वाढतील. नोंद सुधारली की ते वाढायलाच हवेत. त्या वाढीला अपयश म्हणून शिक्षा झाली तर तिसऱ्या वर्षी आकडे शहाण्यासारखे कमी होतील आणि माणसे तितकीच मरत राहतील. म्हणून आकडा वाढवून दाखवणाऱ्या दवाखान्याला संरक्षण आणि वर्षभर शून्य दाखवणाऱ्या दवाखान्याला भेट, असा नियम मी मार्गदर्शिकेच्या पहिल्या पानावर घालीन.

बाकी जे हवे आहे ते एका नोंदवहीत मावते. दंश किती वाजता झाला, दवाखान्यात किती वाजता पोहोचला, मध्ये कोणाकडे थांबला, नळी काचेची होती का, वीस मिनिटांनी काय दिसले, पहिली कुपी किती वाजता लागली, पुढे पाठवले तर कुठे आणि तिथे पोहोचला का. दर तीन महिन्यांनी हे पान ग्रामसभेत मोठ्याने वाचावे, नावे वगळून. शेवटचा रकाना सहा आठवड्यांनंतरचा: कामावर गेला का, आणि नसेल तर घर कशावर चालले आहे. तो भरायला आशेला एकदा त्या पाड्यावर जावे लागेल, आणि त्या फेरीचे पैसे तिला वेगळे मिळायला हवेत.